तीन नंबरचा बिल्ला

तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा माझ्या एका सवयीला तुम्ही दोघं फार हसलात. बाहेर जायचं म्हणून सगळे गाडीत जाऊन बसायचे, तुमचे बाबा हॉर्न वाजवायचे, आणि मी मात्र घरातल्या तिन्ही बाथरूमांची दारं हाताने ढकलून, आत डोकावून मग बाहेर यायची. तुमच्या गावच्या वाचनालयातसुद्धा मी तेच केलं. धाकटीने विचारलं, "आजी, तिथे कोण असणार आहे?" मी म्हणाले, सवय आहे गं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं उत्तरही नव्हतं. पुरतं उत्तर लांब आहे आणि फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. मराठी वाचताना अडलात तर आईला विचारा. तिला यातलं थोडं ठाऊक आहे. त्या दुपारी ती दहा वर्षांची होती.

गिरण्यांचा संप होऊन दोनतीन वर्षं झाली होती. मी घाटकोपरला एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होते. आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो. शाळा डोंगराच्या अंगाला होती. वर्गातल्या बहुतेक मुली वरच्या वस्तीतून यायच्या, बऱ्याच जणींचे वडील पूर्वी गिरणीत होते आणि आता कुणी वॉचमन, कुणी भाजीवाला झाला होता. माझं स्वतःचं शिक्षण नन्सच्या इंग्रजी शाळेत झालं होतं. तिथे संडासाच्या पांढऱ्या फरशांत तोंड दिसायचं. त्यामुळे या शाळेतले मुलींचे संडास पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी नाकाला पदर लावून तशीच मागे फिरले होते.

शाळेच्या मागच्या बाजूला ती एक वेगळी बैठी खोली होती, वर सिमेंटचे पत्रे. बाहेर एक जाड लाकडी दार. आत गेलं की डाव्या हाताला चार संडास, उजवीकडे मोरी, नळ आणि टमरेलं. उजेड यायचा तो फक्त शेवटच्या संडासाच्या भिंतीत उंचावर बसवलेल्या सिमेंटच्या जाळीतून. भिंतींवर काय काय लिहिलेलं असायचं, जमिनीवर काय असायचं, ते मी इथे लिहीत नाही.

मी शिक्षकांच्या बैठकीत दोनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुम्हाला टापटीप आवडते ना? मग आजपासून हे खातं तुमचं."

बाकीच्या बाया तोंडाला रुमाल लावून हसल्या. मी मात्र ते काम मनावर घेतलं. भिंती चुन्याने रंगवून घेतल्या. शनिवारी एक सफाईवाली मावशी यायची, तिच्या कामावर स्वतः उभी राहू लागले. बाहेरच्या दाराला मोठं पितळी कुलूप आणलं. ते मधल्या सुट्टीत उघडायचं आणि तासांच्या वेळी फक्त बाईंची परवानगी असेल तरच. एका वेळी चारच मुली आत जाव्यात म्हणून शिपायाकडून मोडक्या बाकाच्या फळीचे चार बिल्ले करून घेतले, त्यांवर तांबड्या रंगात आकडे घातले आणि दाराबाहेर चार खिळ्यांना अडकवले. बिल्ला गळ्यात घालून आत जायचं, बाहेर आल्यावर हात धुऊन तो खिळ्याला लावायचा. कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. दुसरी शिपायाकडे द्यायची की नाही याचा मी विचार केला आणि नाही दिली. तो विसराळू होता. दोन्ही माझ्याच जुडग्यात राहिल्या.

दोन महिन्यांत तो संडास असा झाला की मुख्याध्यापिकाबाई पाहुण्यांना तिकडे घेऊन जाऊ लागल्या. मला अभिमान वाटायचा, कबूल करते. तो स्वच्छ राहतो कारण मुली तिथे जातच नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नाही. सकाळपासून पाणी न पिणाऱ्या मुली मी रोज पाहत होते. नळापाशी रांग कमी झाली होती. मला वाटलं, शिस्त लागली.

त्या मार्च महिन्यात एक संडास तुंबला. प्लंबरने तारेने ओढून एक कापडाचा बोळा बाहेर काढला. कशाचा ते तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. कापड टाकायला आत टोपली नव्हती. टोपली ठेवली तर ती घाण दिसते म्हणून मीच ठेवू दिली नव्हती. मोठ्या मुलींनी ते कापड टाकायचं कुठे, हा प्रश्न मला, स्वतः बाई असून, पडला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी सगळ्या शाळेसमोर सांगितलं, "संडासात कापड टाकणारी मुलगी मला सापडली, की तिला इथे, या पायरीवर, सगळ्यांसमोर उभी करीन." मुलं मागे फिदीफिदी हसली. मुली खाली बघत होत्या.

त्याच आठवड्यात शनिवार आला. सोमवारी शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर यायचे होते.

शनिवारी सकाळची शाळा, साडेअकराला सुटायची. पोरं गेली, आवाज ओसरला, शिपायाने वर्ग बंद करायला घेतले. मावशीने संडास धुतले, पण पहिल्या दोन भांड्यांतले पिवळे डाग निघत नव्हते. आमची दर शनिवारची पद्धत अशी होती की सगळीकडे ब्लीचिंग पावडर पसरायची आणि दार सोमवारपर्यंत बंद ठेवायचं, म्हणजे दीड दिवसात ती मळ खाऊन टाकते. त्या दिवशी मी अॅसिडची बाटलीही आणली होती.

मावशी म्हणाली, "बाई, दोन्ही एकदम टाकू व्हय?"

"टाका," मी म्हणाले. "सोमवारी चकचकीत दिसलं पाहिजे."

ती आत गेली. मी दारात उभी राहून नेहमीप्रमाणे हाक दिली, "कोण आहे का आत?" उत्तर नाही. मावशी आतून म्हणाली, "त्ये शेवटलं दार परत अडकलंय बाई. फुगलंय. राहू द्या का?" ते दार पूर्वीही दोनदा अडकलं होतं. राहू द्या, मी म्हणाले. मग बाटली ओतल्याचा आवाज आला आणि थोड्याच वेळात मावशी पदराने तोंड दाबून पळत बाहेर आली. "डोळं झोंबाय लागलं बाई! लावा, लावा दार!"

मला तो वास दारापर्यंत आला. तिखट, घशात बोट घातल्यासारखा. मी दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा खेचून पाहिलं. आणि खिळ्यांवरचे बिल्ले न मोजता पिशवीत टाकले.

बिल्ले मी दर शनिवारी घरी आणायची. चाळीस पोरींच्या हातांतून आणि गळ्यांतून गेलेले असतात म्हणून सोड्याच्या गरम पाण्यात उकळून, दोरीवर वाळत घालून सोमवारी परत न्यायची. त्यावरून तुमचे आजोबा माझी थट्टा करायचे. ते ट्रॉम्बेला नोकरी करत आणि शनिवारी घरी असत. त्या दुपारी आम्ही जेवलो, मी भांडी आवरली, पातेल्यात पाणी गरम केलं. बिल्ले दोरीवर लावायचं काम तुमच्या आईचं. आकड्यांच्या क्रमाने लावायचं, असा तिचाच नियम होता. माझीच मुलगी ती.

ती गॅलरीतून म्हणाली, "आई, तीन नंबर कुठाय?"

"असेल पिशवीत."

"नाहीये. एक, दोन आणि चार आहेत. मधे भोक पडलं ना आता!"

मी पिशवी उलटी केली. पातेल्यात चमचा फिरवून पाहिला. आजोबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "हरवला असेल गं एखादीकडून. सोमवारी सापडेल."

सोमवारी. तो शब्द ऐकला आणि मला ते शेवटचं दार दिसलं. फुगलेलं. पावसाळ्यात दारं फुगतात. हा मार्च होता.

मी तशीच खाली बसले. तुमची आई घाबरून म्हणाली, "आई, काय झालं? रागावू नकोस ना, मी नाही हरवला." मी तिला जवळ घेऊ शकले नाही.  आजोबांना म्हटलं, "कुणीतरी आत आहे."

"कुठे आत?"

"संडासात. मी कुलूप लावून आले आहे."

त्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "शाळेत फोन कर." फोन मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत होता आणि ती खोलीही शनिवारी बंद. शिपाई फाटकाजवळच्या खोलीत राहायचा, पण त्याच्याकडे किल्ली नव्हती. दोन्ही किल्ल्या माझ्यासमोर, टेबलावर, जुडग्यात होत्या. घड्याळात पावणेतीन झाले होते. मी सव्वाबाराला दार लावलं होतं.

आजोबा माझ्याबरोबर यायला निघाले. मी म्हणाले, लेकीजवळ थांबा. खरं तर मला तेव्हा कुणाचंच तोंड बघायचं नव्हतं. खाली नाक्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याला म्हटलं, आग्रा रोडने सरळ घाटकोपर, जितकी जोरात नेता येईल तितकी न्या.

"हॉस्पिटल का, ताई?"

"शाळा."

"शाळा? आज शनिवार ना!"

 भांडुप गेलं, कांजूरमार्ग गेलं. विक्रोळीला कारखान्याची पाळी सुटली होती, सायकलींचा लोंढा रस्ता ओलांडत होता आणि रिक्षा उभी. मी मनात वर्ग घेत होते. पाचवी अ, पाचवी ब. शेवटच्या तासाला कोणती जागा रिकामी होती? कुणाचं दप्तर बाकावर राहिलं होतं? एकेका मुलीचा चेहरा यायचा आणि मी म्हणायची, ही नको. मग वाटायचं, म्हणजे दुसरी चालेल का?

आणि मग मला ती अॅसिडची बाटली आठवली. तिच्यावर एक चिठ्ठी होती, बारीक इंग्रजी छापलेली. दुकानातून आणताना माझी नजर तिच्यावरून गेली होती. ब्लीचिंग पावडरबरोबर वापरू नये, असं काहीतरी. पुढे विषारी असा शब्द होता. मावशीला अक्षर येत नव्हतं. शाळेत इंग्रजी शिकवणारी मी होते.

तुम्हाला सगळं खरं सांगायचं ठरवलं आहे, तर हेही सांगते. त्या रिक्षात मी फक्त त्या मुलीसाठी घाबरले नव्हते. माझी नोकरी जाईल, पोलीस येतील, पेपरात येईल, लेकीच्या शाळेत पोरी तिला काय म्हणतील, हेही सगळं डोक्यात येत होतं. ते आपणहून येत होतं. मी त्याला बाजूला सारत होते आणि ते परत येत होतं.

शाळेच्या फाटकाशी पोचले तर तिथे एक बाई शिपायाशी भांडत होती. पायांत चप्पल नव्हती. शिपाई मालवणकडचा आणि तीही तिकडचीच.

"अगो, सगळी पोरां कवाच गेली," तो सांगत होता. "शाळा रिकामी आसा. मी सोता फिरलंय."

"मगे माझा चेडू खंय गेला? मैत्रिणींकडे बगलंय, भयणीकडे बगून इलंय. खंयच नाय!"

तिने मला पाहिलं आणि धावत आली. माझे दोन्ही हात धरले. "बाई, बरा झाला तुमी इलात. ह्यो माका आत सोडणा नाय. तुमी सांगा ह्येका."

तिची मुलगी सातवीत होती. मागच्या बाकावर बसणारी, उंच, वहीला नेहमी खाकी कव्हर घालणारी. रिक्षात तिचा चेहरा माझ्या मनात आलाच नव्हता. माझ्या उजव्या हातात जुडगा होता आणि त्या बाईने तो हात जुडग्यासकट धरला होता.  हात सोडवून घेतला आणि मागच्या बाजूला पळाले. चाळिशीतली बाई साडी नेसून जशी पळेल तशी.

कुलपाला किल्ली लागेना. दोन्ही किल्ल्या सारख्या होत्या, तरी मी एक काढून दुसरी घातली. शिपाई मागून म्हणाला, "बाई, हय काय?" दार उघडलं आणि आतला वास अंगावर आला. डोळ्यांतून एकदम पाणी. शिपाई खोकत मागे सरला. त्या मुलीच्या आईला तेव्हा सगळं समजलं. ती ओरडली नाही. तिने पदर तोंडाला गुंडाळला आणि माझ्या आधी आत शिरली.

शेवटचं दार आतून बंद होतं. मी हाताने थोपटलं, नाव घेऊन हाक मारली. आतून काही नाही.  मी पुन्हा हाक मारली, आणि मला ऐकू आला तो माझा वर्गातला आवाज, जरबेचा. तो आवाज मला बदलता येईना.

तिच्या आईने मला खांद्याने बाजूला केलं. दाराच्या फटीला तोंड लावून अगदी हळू, पोर झोपली असताना बोलावं तसं, ती म्हणाली, "बाय माझ्या, मी आये. एकटीच आसंय. कडी काढ."

ती एकटी नव्हती. मी तिच्या मागेच होते. पण मी पाऊलभर मागे गेले.

  मग वरून कुणीतरी उतरल्यासारखा आवाज, बादली पडल्याचा आवाज, आणि कडी सरकली.

मुलगी उभी होती. डोळे लालभडक, सुजलेले, तोंडावर बादलीतल्या पाण्यात भिजवलेला फ्रॉकचा घेर. ती पालथ्या बादलीवर चढून, जाळीच्या भोकांत बोटं अडकवून, तोंड जाळीला लावून तीन तासांहून जास्त वेळ उभी होती. बोटांची सालं गेली होती. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड मिळून होणारा वायू जड असतो, तो खाली साचतो, हे मला पुढे विज्ञानाच्या बाईंनी समजावून सांगितलं. ती खाली बसली असती तर, असं त्या बोलायला लागल्या आणि मी त्यांना थांबवलं. मुलीला हे काही माहीत नव्हतं. तिला जाळीतून रस्ता दिसतो का ते पाहायचं होतं, कुणाला हाक मारता येईल म्हणून. हाका मारून तिचा आवाज बसला होता. त्या बाजूला रस्ता नव्हता, डोंगर होता.

तिच्या फ्रॉकला मागे डाग होता. पहिल्यांदाच झालं होतं, शेवटच्या तासाला. शाळा सुटताच मावशीसाठी उघडलेल्या दारातून आत शिरायचं, सगळ्या मुली जाईपर्यंत थांबायचं आणि मग दप्तर मागे धरून घरी जायचं, असं तिने ठरवलं होतं. रुमाल फाडून घेतला होता आणि त्याचा अर्धा तुकडा तिच्या मुठीत होता, कारण टाकायला जागा नव्हती. मी "कोण आहे का आत?" विचारलं ते तिने ऐकलं होतं. तिला वाटलं, मी तिला शोधायलाच आले आहे. तिला ती पायरी दिसली असणार, आणि समोर बसलेली सगळी शाळा. म्हणून ती गप्प राहिली. दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला तरी गप्प राहिली. घसा जळायला लागला तेव्हा तिने हाक मारली, पण तोवर मी फाटकाबाहेर पडले होते.

तीन नंबरचा बिल्ला तिच्या गळ्यात होता. शिपायाने आणलेलं पाणी तोंडावर मारल्यावर तिने तो काढला आणि माझ्यापुढे धरला. "बाई, मी हात धुतले नाहीत," ती म्हणाली. घोगरा आवाज, शब्द नीट फुटत नव्हते.

मी तो घेतला.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दवाखाना नुकताच उघडला होता. त्यांनी डोळे धुतले, छाती ऐकली, कसलंसं इंजेक्शन दिलं आणि रात्री दम लागला तर मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणून सांगितलं. काय झालं विचारल्यावर मी म्हणाले, संडासात अडकली होती. तेवढंच म्हणाले. दवाखान्याच्या पायरीवर तिच्या आईने माझ्यापुढे हात जोडले आणि मी ते जोडू दिले.

ती रात्र मी गॅलरीत बसून काढली. दम लागला तर मला कोण कळवणार होतं? दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी वस्तीत गेले. चढ संपता संपत नव्हता. तिचं घर सापडलं. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, खोकत होती, पण बसली होती. मी दारातच तिच्या आईला म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं आहे. कुलूप मीच लावलं होतं. न बघता लावलं. आणि ती दोन औषधं एकत्र करायलाही मीच सांगितली."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हायत आसा माका. चावी तुमच्याच हातात व्हती. माका काय आंधळी समाजलात?"

 तिने सुपातले दोन खडे उचलून बाहेर फेकले. "कोणाक सांगूचा नाय मी. माझ्या चेडवाचो विषय आसा, लोक काय काय बोलतले. पण ती आता थंय जाऊची नाय. मधल्या सुट्टीत घराक येतली."

"मधली सुट्टी वीस मिनिटांची असते," मी म्हणाले. "आणि हा चढ."

"मगे?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगा काय करूचा ता."

सोमवारी इन्स्पेक्टर आले तेव्हा संडासाची दारं उघडी होती आणि मी तिथे बादल्याबादल्यांनी पाणी ओतून घेत होते. मुख्याध्यापिकाबाईंना मी सकाळीच सगळं सांगितलं होतं. त्या पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, बाहेर एक शब्द जाता कामा नये. तो गेला नाही, आणि त्यामुळे माझी नोकरी राहिली. कुलूप मी त्याच दिवशी काढलं. अॅसिडची बाटली परत शाळेत आणली नाही. प्रत्येक संडासात झाकणाची टोपली ठेवली आणि वर्गावर्गांत जाऊन, मुलांना बाहेर पाठवून, ती कशासाठी आहे ते मुलींना सांगितलं. सांगताना माझे कान तापले होते. पुढे संडास पूर्वीइतके स्वच्छ कधीच राहिले नाहीत. ओले असायचे, भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा परत आल्या. मावशीला मी आठवड्यातून तीनदा यायला सांगितलं आणि तिच्याबरोबर खराटा घेऊन स्वतः उभी राहू लागले. त्याआधी कधी तिला मी नीट चहासुद्धा विचारला नव्हता.

मुलगी आठ दिवसांनी शाळेत आली. मधल्या सुट्टीत चढ चढून घरी पळायची आणि तास सुरू झाल्यावर धापा टाकत परत यायची. खोकला गेला नव्हता.  चौथ्या दिवशी मी तिला पायऱ्यांपाशी अडवलं. म्हणाले, "बाहेरून कुणी कडी लावणार नाही. मी बाहेर उभी राहीन. सुट्टी संपली तरी हलणार नाही."

 ती म्हणाली, "तुम्ही गप्प उभ्या राहिलात तर मला कसं कळणार?"

"काय?"

"की तुम्ही आहात ते. तुम्ही बोलत राहा."

"काय बोलू?"

तिने खांदे उडवले. "पाढे म्हणा."

मराठी पाढे मला नीट येत नव्हते. मी ते लहानपणी इंग्रजीत शिकले होते. पण ती आत गेली, तिने दार नुसतं लोटून घेतलं, आणि मी त्या चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून तेराचा पाढा सुरू केला. मागून मुली येत होत्या, थबकत होत्या, एकमेकींना कोपर मारत होत्या. मला त्याची लाज वाटायला हवी होती. पण मला भीती एवढीच वाटत होती की मी थांबले तर आतली तिची चाहूलही थांबेल. तेर चोक बावन्न. तेर पाचे पासष्ट. तेर सक अठ्ठ्याऐंशी.

"अठ्ठ्याहत्तर, बाई!" आतून आवाज आला. घोगराच, पण मोठ्याने.

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणाले, आणि पुढचं आठवत नव्हतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.